कॉलेजची फी कशी भरायची आणि होस्टेलला राहायचं का: प्रवेशाआधी करायचा हिशेब

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की घरात पहिली चर्चा होते ती कॉलेज कोणतं यावर. फी किती, हा प्रश्न त्यानंतर येतो. आणि राहायचं कुठे, हे तर प्रवेश पक्का झाल्यावर, बॅग भरताना बघितलं जातं. बहुतेक घरांची ओढाताण या क्रमामुळेच होते. फी प्रवेशाच्या दिवशी भरावी लागते, शिष्यवृत्तीचे पैसे मात्र बऱ्याच महिन्यांनी येतात. राहण्याचा भत्ता मिळणार की नाही, हे तुम्ही खोली कोणत्या कागदावर घेता यावर ठरतं. म्हणून वर्षाला एकूण किती लागतील एवढंच काढून भागत नाही. कोणत्या महिन्यात किती लागतील, तेही काढावं लागतं.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रात कॅप (शासनाची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमधून इंजिनिअरिंग, फार्मसी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांसाठी आहे. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनाही राहण्याबद्दलचा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल.

१. कागद आधी, पसंतीक्रम नंतर

कॅपचे पर्याय भरायच्या आधी हे सगळं एका फाइलमध्ये हवं:

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास प्रमाणपत्र (डोमिसाईल)
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र (आरक्षित प्रवर्ग असल्यास)
- नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्र, जे लागू असेल ते
- आधार, रेशन कार्ड, विद्यार्थ्याच्या नावाचं बँक खातं
- मध्ये वर्ष गेलं असल्यास गॅपचं शपथपत्र

यातल्या तीन कागदांवर गाडी हमखास अडते. पहिला उत्पन्नाचा दाखला. मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला दाखला जुलैत चालत नाही. एप्रिल उलटला की आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून नवा काढा. दुसरा नॉन-क्रिमीलेयर, त्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, ती चालू वर्षाची आहे ना ते बघा. तिसरा आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. पडताळणी समितीला वडील-आजोबांपर्यंतचे पुरावे लागतात, त्यातून एखादी त्रुटी निघाली की महिने जातात. त्यामुळे अकरावी-बारावीत असतानाच अर्ज टाका. प्रवेशाच्या आठवड्यात समितीच्या दारात उभं राहून काही होत नाही.

नावाचं स्पेलिंगही आत्ताच जुळवून घ्या. आधारवर ‘सुनिल’, गुणपत्रिकेवर ‘सुनील’ आणि बँकेत आडनाव आधी, अशी तीन रूपं असतील तर कुठला ना कुठला अर्ज परत येणारच.

२. फीचा आकडा फोडून वाचा

‘फी एक लाख दहा हजार’ असं कॉलेज सांगतं, तेव्हा त्यात शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती, ते वेगळं लिहून घ्या. शासनाची सवलत मुख्यतः शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर असते. विकास शुल्क सहसा तुम्हालाच भरावं लागतं.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, आणि कॉलेजनिहाय आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. कॉलेजच्या काउंटरवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा. गणवेश, ट्रेनिंग, बस, ‘ॲक्टिव्हिटी’ अशी जास्तीची नावं दिसली तर यातलं सक्तीचं काय आणि ऐच्छिक काय, हे लेखी विचारा. मंजूर फीपेक्षा जास्त रक्कम प्रवेशाच्या बदल्यात मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या आणि तिच्यावर शुल्काचे भाग वेगळे दाखवायला सांगा. पुढे शिष्यवृत्तीला आणि बँकेला हीच पावती लागते.

३. तुमची सवलत कोणती, ते ओळखा

सगळ्या योजना पाठ करायची गरज नाही. दोन गोष्टी बघा: तुमचा प्रवर्ग आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न.

- खुला प्रवर्ग, उत्पन्न ८ लाखांपर्यंत: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे बोलीभाषेत ‘ईबीसी’. शिक्षण शुल्कात ५० टक्के. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना मिळते.
- मुली: ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्ग, उत्पन्न ८ लाखांपर्यंत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ.
- अनुसूचित जाती: उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप (शुल्कमाफी). अनुसूचित जमाती, विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) आणि ओबीसी यांच्या योजना त्यांच्या-त्यांच्या विभागाच्या नावाखाली दिसतात.
- तांत्रिक पदवी किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुली, उत्पन्न ८ लाखांपर्यंत: एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,००० रुपये. हा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो, त्यामुळे महाडीबीटीवर (राज्य शासनाचं शिष्यवृत्ती पोर्टल) शोधणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटतो.

इथे सर्वात महाग पडणारी चूक सांगतो. ईबीसी आणि मुलींची फी माफी मिळण्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, किंवा अभिमत वा स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठात गेलात, तर ही सवलत नाही. कॅपच्या तिसऱ्या फेरीतलं थोडं कमी नावाजलेलं कॉलेज आणि कोट्यातलं ‘मोठं’ कॉलेज यांतून निवडताना चार वर्षांची सवलत त्या तराजूत टाकायलाच हवी.

४. आधार सीडिंग तपासा, आजच

महाडीबीटीचा अर्ज मंजूर, स्टेटस हिरवं, आणि पैसे खात्यात नाहीत, असं झालं की जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच निघतं. ‘आधार लिंक’ आणि ‘आधार सीडिंग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं लिंक झालं. थेट लाभाची रक्कम मात्र एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत तुमच्या आधारसमोर जी बँक आहे तिथेच जाते, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते.

मोबाइलवरून शून्य बॅलन्सचं नवीन खातं उघडताना संमतीच्या चौकटीत टिक केली की कधी-कधी सीडिंग त्या नव्या बँकेकडे सरकतं, आणि शिष्यवृत्ती तुम्ही विसरून गेलेल्या खात्यात पडून राहते. माय आधार संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथे बँकेचं नाव दिसेल आणि ते सक्रिय आहे की नाही तेही. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म द्या. खातं विद्यार्थ्याचंच हवं. लहानपणी उघडलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर केवायसी पुन्हा करून घ्या, नाहीतर ते गोठलेलं असतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण प्रत्येक ओटीपी त्यावर येतो.

अर्ज भरला की काम संपलं असंही समजू नका. तो आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जातो, मग संबंधित शासकीय विभागात. त्रुटीसाठी परत आला तर दुरुस्तीला मोजके दिवस मिळतात. दर आठवड्याला लॉगिन करून बघा, आणि दरवर्षी नूतनीकरण करा. पहिल्या वर्षाचा अर्ज पुढच्या वर्षी आपोआप पुढे जात नाही.

५. महिनावार तक्ता

समजा फी १,१०,००० आहे: शिक्षण शुल्क १,००,००० आणि विकास शुल्क १०,०००. विद्यार्थी ईबीसीला पात्र. होस्टेल वर्षाला ४५,०००, अनामत ५,०००, मेस महिन्याला ३,५०० आणि वर्षात दहा महिने. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे टाका.

प्रवेशाच्या महिन्यात लागणारे पैसे:
- निम्मं शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क: ६०,०००
- होस्टेल आणि अनामत: ५०,०००
- मेस, दोन महिने आगाऊ: ७,०००
- गादी, बादली, कॅल्क्युलेटर, ड्रॉइंगचं सामान, पुस्तकं: ८,०००

बेरीज १,२५,०००. उरलेल्या आठ महिन्यांची मेस २८,०००. म्हणजे वर्षाचा खर्च १,५३,००० आणि त्यातले सव्वा लाख पहिल्याच महिन्यात. ‘महिन्याला बारा-तेरा हजार बाजूला काढू’ असं ठरवणारं घर इथेच अडकतं.

आणि कॉलेजने पूर्ण फी मागितली तर? मग पहिल्या महिन्याची बेरीज १,७५,००० होते. ईबीसीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी सवलतीनंतरचीच रक्कम घ्यावी, फीमाफीच्या मुलींकडून शिक्षण शुल्क मागूच नये, असे शासनाचे आदेश आहेत. तरी ‘आधी सगळी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ हे काउंटरवर ऐकू येतं. वाद न घालता प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या, सोबत उत्पन्नाचा दाखला आणि कॅपचं अलॉटमेंट पत्र जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. बहुतेक ठिकाणी शिष्यवृत्ती नामंजूर झाल्यास फी भरण्याचं हमीपत्र घेऊन काम होतं. नाही झालं तर तीच आवक क्रमांकाची प्रत घेऊन तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात जा.

६. शैक्षणिक कर्ज: कधी आणि किती

वरच्या तक्त्यात खड्डा राहिला तरच कर्ज, आणि तेही शैक्षणिक कर्जच. घाईत पर्सनल लोन किंवा मोबाइल ॲपवरचं कर्ज घेऊ नका. त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो.

सरकारी बँकांमध्ये साधारण रचना अशी असते: ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा वाटाही नाही, पालक सहकर्जदार असतात. साडेसात लाखांच्या वर तारण मागितलं जातं. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. होस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हे खर्चही कर्जात बसतात, पण अर्ज करतानाच अंदाजपत्रकात लिहिले तरच. कॉलेजकडून लेटरहेडवर चारही वर्षांचं खर्चपत्रक घ्या, त्यात होस्टेलची ओळ आहे ना ते बघा.

चार वर्षं दरवर्षी सुरुवातीला १ लाख उचलले आणि व्याज १० टक्के सरळ धरलं, तर पाच वर्षांनी व्याज १,४०,००० झालेलं असतं. मुद्दलात मिसळून ५,४०,००० वर हप्ता बसतो, दहा वर्षांसाठी महिन्याला साधारण ७,१४०. शिकत असतानाच व्याज भरत राहिलात, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये आणि पुढे वाढत चौथ्या-पाचव्या वर्षी ३,३३३ पर्यंत, तर हप्ता ४ लाखांवरच बसतो, साधारण ५,२९०. असं व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात १ टक्का सूट देतात. शाखेत स्वतःहून विचारा.

कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी परतफेड सुरू होईपर्यंतचं व्याज केंद्र सरकार भरतं. आठ लाखांपर्यंत असेल आणि संस्था पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. दोन्हीसाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत द्यावा लागतो. तुम्ही विषय काढला नाही तर शाखेतून कोणी आठवण करून देईल याचा भरवसा धरू नका.

७. होस्टेल, बाहेरची खोली, की घरून ये-जा

घरून ये-जा होत असेल तर खर्चात त्याला तोड नाही. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, लोकलच्या पाससाठी कॉलेजमधून कन्सेशनचा फॉर्म मिळतो. पण एका बाजूला दीड तासापेक्षा जास्त लागत असतील तर पहिल्या वर्षी तरी टाळा. रोजचे तीन तास, वर्षाचे दोनशे दिवस, म्हणजे सहाशे तास. जर्नल, सबमिशन आणि गणित याच तासांत होत असतं.

होस्टेल आणि खोलीची तुलना महिन्याच्या भाड्यावर करू नका, शैक्षणिक वर्षावर करा. होस्टेलचे ४५,००० दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला ४,५०० पडतात, आणि बाहेर कॉटबेसिसवर (सामायिक खोलीत एका पलंगापुरती) ४,००० ची जागा मिळते, म्हणून बाहेर स्वस्त वाटतं. आता पूर्ण हिशेब: भाडं अकरा महिन्यांचं ४४,०००, डबा दहा महिने ३०,०००, लाइटबिल ५,५००, जाण्यायेण्याचे ८,०००. झाले ८७,५००. होस्टेल आणि मेस मिळून ८०,०००. शिवाय बाहेर डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं अडकतं. तुमच्या गावी उलटंही येईल. मांडून बघा एवढंच.

पैशांपलीकडचं माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी होस्टेल. प्रॅक्टिकल, सीनियरच्या नोट्स, आजारी पडल्यावर शेजारच्या खोलीतून येणारा माणूस, हे सगळं विकत घ्यावं लागत नाही. दुसऱ्या वर्षी माणसं ओळखीची झाल्यावर तिघा-चौघांनी फ्लॅट घेणं वेगळं, आणि अनोळखी शहरात पहिल्या आठवड्यात एजंटने दाखवलेल्या खोलीत जाणं वेगळं.

कॉलेजच्या होस्टेलशिवाय आणखी दारं आहेत: समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं, आणि संस्थांनी चालवलेली, जसं पुण्यातली विद्यार्थी सहाय्यक समिती. यांचे अर्ज वेगळे आणि मुदती वेगळ्या. कॉलेजच्या प्रवेशाची वाट न बघता माहिती काढून ठेवा.

८. भत्ता घ्यायचा असेल तर कागद असा हवा

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे. सुरुवातीच्या तरतुदीनुसार मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूरला वर्षाला ६०,०००, इतर शहरांसाठी ५१,००० आणि ४३,००० असे टप्पे होते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम, ओबीसी-विजाभज-विमाप्रसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, तर नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. एका वेळी एकच भत्ता मिळतो, आणि शासकीय वसतिगृहात राहत असाल तर हे भत्ते नाहीत. हजेरी बघितली जाते. स्वाधारला ७५ टक्के लागते.

या अर्जांना राहण्याचा पुरावा लागतो. खोलीमालक ‘कागद कशाला, विश्वास ठेवा’ म्हणाला तर तुमचे पन्नास-साठ हजार पणाला लागलेत हे ध्यानात घ्या. टोकन देण्याआधीच विचारा: करार रजिस्टर करून द्याल का? महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे खोलीचा भाडेकरार) अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. पोलिसांकडे भाडेकरूची नोंदही करून घ्या. बिलात जीएसटी लावला असेल तर हेही माहीत असू द्या: माणशी महिना २०,००० पर्यंतच्या आणि सलग ९० दिवसांच्या निवासाला जुलै २०२४ पासून सूट आहे.

९. जागा बघायला सकाळी सात वाजता जा

दुपारी तीनला प्रत्येक होस्टेल चांगलं दिसतं. सकाळी सातला जा. मजल्यावर मुलं किती आणि चालू संडास-बाथरूम किती, मोजा. नळ सोडून बघा, पाणी कोणत्या वेळात येतं ते राहणाऱ्या मुलांना विचारा, रेक्टरना नव्हे. खोलीतला प्लग चार्जर लावून तपासा. कपडे कुठे वाळतात ते बघा. पावसाळ्यात तोच प्रश्न मोठा होतो. मग मेसमध्ये एक जेवण पैसे देऊन जेवा.

विचारायचे प्रश्न: गेट किती वाजता बंद होतं आणि लायब्ररीहून उशीर झाला तर काय? सुट्टीत आणि परीक्षा लांबली तर राहू देतात का, जास्तीचे पैसे किती? सलग किती दिवस गावी गेलं तर मेसचे पैसे कापून मिळतात? दुसऱ्या वर्षी जागा नक्की, की गुणांवर? मध्येच सोडलं तर उरलेली फी मिळते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं, म्हणून नियमावलीची प्रत घरी वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरावं लागतं, विद्यार्थी आणि पालक दोघांनी. हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२ दोघांच्याही मोबाइलमध्ये सेव्ह हवा.

ताबा घेताना खोलीचे फोटो काढा: कपाटाचं मोडकं कुलूप, फुटलेली काच, भिंतीचा ओलावा. त्याच दिवशी ते रेक्टरना किंवा मालकाला पाठवा. वर्षअखेर अनामतीतून काय कापायचं, याचा निकाल त्या फोटोंवरच लागतो.

१०. प्रवेश रद्द करायची वेळ आली तर

कॅपमधल्या जागेसाठी सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतली रद्द करण्याची तारीख पाळा. इतर प्रवेशांसाठी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ मध्ये ठरवलेले टप्पे असे: प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून फार तर ५ टक्के आणि कमाल ५,००० रुपये कापता येतात. अंतिम तारखेआधीचे दिवस १५ पेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तिसाव्या दिवसापर्यंत ५०, त्यानंतर काही नाही. रद्द करण्याचा अर्ज ईमेलनेही पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजला तपासून लगेच परत द्यावे लागतात, स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत. तरी प्रवेशाला जाताना प्रत्येक मूळ कागदाचं स्कॅन आणि पाच-पाच झेरॉक्स सोबत असू द्या.